कॅडिलॅक संस्थेला द्यावी, की विकून पैसे द्यावेत?

डेट्रॉईटजवळच्या ट्रॉयहून एका काकूंचा प्रश्न आलाय. थोडक्यात असा: यजमान गेल्या नोव्हेंबरात गेले. गॅरेजमध्ये त्यांची १९७६ची कॅडिलॅक एल्डोराडो कन्व्हर्टिबल उभी आहे. १९९० साली सहा हजार डॉलरना घेतलेली. दोन वर्षं तिला चावी लागलेली नाही. काकूंचं वय ७४. सिॲटलचा मुलगा म्हणतो, रेडिओवर जाहिरात लागते त्या नंबरावर फोन कर. ते फुकट टो करून नेतील, एखाद्या संस्थेला मदत होईल आणि टॅक्समध्ये गाडीची पूर्ण किंमत वजा मिळेल. काकू लिहितात, "मला गाडीतलं ओ की ठो कळत नाही. ह्यांनी जपलेली वस्तू चांगल्या जागी जावी, आणि टॅक्सचाही काही फायदा व्हावा. काय करू?"

काकू, मुलाचं पहिलं म्हणणं खरं, दुसरं अर्धं खरं आणि तिसरं २००५पासून चुकीचं. मी इथे मिशिगनमध्येच लोकांचे टॅक्स रिटर्न भरतो, आणि या गावात जुन्या गाड्यांचे प्रश्न पावलोपावली येतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा: तुम्हाला गाडी द्यायचीय की पैसे द्यायचेत? दोन्हींचे रस्ते वेगळे आहेत. जाहिरातवाले ते एकच असल्यासारखं बोलतात, तिथेच लोक फसतात.

पूर्वी माणूस किंमतीच्या पुस्तकात बघून आकडा लिहायचा आणि तेवढी वजावट घ्यायचा. गाडी प्रत्यक्षात भंगारात गेली तरी विचारणारं कोणी नव्हतं. २००३ साली अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षकांनी अशा ५४ गाड्यांचा माग काढला. त्यांतल्या दोन तृतीयांश गाड्यांच्या बाबतीत संस्थेच्या हातात पडलेली रक्कम, देणाऱ्याने दाखवलेल्या किमतीच्या पाच टक्के किंवा त्याहून कमी होती. पुढच्याच वर्षी कायदा बदलला आणि १ जानेवारी २००५पासून नियम असा झाला: वजावट ५०० डॉलरच्या वर जात असेल आणि संस्थेने गाडी न वापरता, न दुरुस्त करता विकली, तर गाडी जेवढ्याला विकली गेली तेवढीच तुमची वजावट. पुस्तकातली किंमत वीस हजार असो, लिलावात आठ आले तर आठ.

आणि आठच येतात, यात नवल नाही. रेडिओवरच्या नंबरामागे बहुतेक वेळा ती संस्था नसतेच. तिच्या वतीने गाड्या उचलणारी मध्यस्थ कंपनी असते. तिच्याकडे रोज वीस वर्षं जुन्या कॅमरी आणि मिनीव्हॅन येतात, आणि त्याच रांगेत तुमची एल्डोराडो घाऊक लिलावात जाते. तिथे बोली लावणारे डीलर. बंद पडलेली गाडी म्हटल्यावर ते हात आखडता घेणार. मग टोइंग, लिलावाचा खर्च आणि मध्यस्थाचा वाटा वजा होऊन उरेल ते संस्थेला. गंमत अशी की तुमची वजावट विक्रीच्या पूर्ण रकमेवर, पण संस्थेला मिळतं ते सगळं कापून. फोन करायचाच असेल तर आधी एवढं विचारा: शंभरातले किती संस्थेला जातात? सरळ उत्तर आलं नाही तर फोन ठेवून द्या. संस्थेचं नाव आयआरएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या टॅक्स खात्याच्या, वेबसाइटवर शोधता येतं. तिथे नाव सापडेना, तर शक्यतो पुढे जाऊ नका.

आता या विशिष्ट गाडीबद्दल, कारण हिची एक गोष्ट आहे आणि किमतीशी तिचा संबंध आहे. १९७६मध्ये कॅडिलॅकने जाहीर केलं की ही शेवटची अमेरिकी कन्व्हर्टिबल. लोक तुटून पडले. त्या वर्षी चौदा हजार उघड्या टपाच्या एल्डोराडो बनल्या आणि २१ एप्रिलला डेट्रॉईटच्या क्लार्क स्ट्रीट कारखान्यातून शेवटची बाहेर पडली. गाडीची मूळ किंमत अकरा हजारांच्या आसपास होती, तरी लोकांनी वर पैसे मोजून घेतल्या आणि न चालवता झाकून ठेवल्या, पुढे सोन्याचा भाव येईल म्हणून. १९८४ साली कॅडिलॅकने पुन्हा एल्डोराडो कन्व्हर्टिबल बाजारात आणली. 'शेवटची' घेतलेल्यांपैकी काही जण कोर्टात गेले, पण हाती काही लागलं नाही. त्या झाकून ठेवलेल्या गाड्या आजही निघतात, त्यामुळे ही गाडी देखणी आहे, पण दुर्मीळ नाही. शेवटच्या दोनशे पांढऱ्या गाड्यांपैकी असेल तर गोष्ट थोडी वेगळी. तुमच्या पत्रावरून तसं दिसत नाही.

म्हणून किंमत ठरते ती अवस्थेवर. ओळखीतल्या कोणाला गॅरेजमध्ये घेऊन जा आणि या दोन गोष्टी तुम्ही स्वतःही बघा. मागच्या बंपरच्या आणि बॉडीच्या मधे प्लास्टिकसारख्या पट्ट्या असतात, बॉडीच्याच रंगाच्या. सत्तरच्या दशकातल्या कॅडिलॅकमध्ये त्या हमखास कोरड्या पडून तडकतात. बोटाने दाबलं तर बिस्किटासारखा तुकडा हातात येतो. त्या फुटलेल्या असतील तर घाबरू नका, नव्या बनवून मिळतात. पण खरीदार सगळ्यात आधी तिथेच बघतो. दुसरं म्हणजे टप. त्याची घडी कात्रीसारखी आत वळत मागे जाते आणि त्या यंत्रणेतले छोटे भाग तुटले की टप वाकडा बसतो. तो बटण दाबून उघडून बघण्याचा मोह होईल, पण करू नका. दोन वर्षं न हललेला टप जबरदस्तीने चालवून मोडला तर दुरुस्ती महागात पडते. तेच इंजिनाचं. ८.२ लिटरचं धूड आहे ते. टाकीत दोन वर्षांचं जुनं पेट्रोल असताना नुसती नवी बॅटरी लावून स्टार्टर मारत बसू नये. जुन्या गाड्यांचा मेकॅनिक बोलवा, टाकी रिकामी करून घ्या, रबरी नळ्या आणि ब्रेक बघून घ्या. त्यावर काही शे डॉलर जातील, पण 'चालू आहे' आणि 'बंद आहे' यांच्या भावातला फरक त्याहून कितीतरी मोठा असतो.

किमतीसाठी केली ब्लू बुकमध्ये बघू नका, ते रोजच्या गाड्यांसाठी. जुन्या गाड्यांसाठी आपल्याच मिशिगनमधल्या, ट्रॅव्हर्स सिटीच्या हॅगर्टीची किंमतसूची लोक वापरतात. त्यात अवस्थेचे चार दर्जे असतात आणि बहुतेक मालक आपली गाडी एक दर्जा वर धरतात. आपण हिशेबापुरती वीस हजार धरू.

आता टॅक्स. इथे तुमच्या बाजूने एक मोठी गोष्ट आहे, जी मुलाने सांगितली नाही. वारसाने आलेल्या वस्तूची 'खरेदी किंमत' ही मृत्यूच्या दिवशीच्या बाजारभावाइतकी धरतात. काकांनी सहा हजारांना घेतली हे आता निघून गेलं. गाडीच्या टायटलवर, म्हणजे मालकीच्या कागदावर, फक्त त्यांचं नाव असेल, तर तुमची खरेदी किंमत वीस हजार, आणि तुम्ही साडेअठरा हजारांना विकलीत तर नफा शून्य, म्हणजे टॅक्स शून्य. टायटल दोघांच्या नावावर असेल तर मिशिगनमध्ये अर्ध्याच भागाला हा फायदा: तीन हजार अधिक दहा हजार, म्हणजे तेरा. साडेअठराला विकली तर साडेपाच हजार नफा, आणि तुमच्या उत्पन्नाच्या टप्प्यात त्यावर फार तर सहा-सातशे डॉलर टॅक्स. म्हणून आज जाऊन टायटल बाहेर काढा आणि नावं वाचा. आणि काहीही करण्याआधी अप्रेझरकडून, म्हणजे किंमत ठरवून देणाऱ्या जाणकाराकडून, मृत्यूच्या तारखेची किंमत लिहून घ्या. हा कागद पुढे कामाला येतो, वर्षभराने मागून मिळवायला त्रास होतो.

नफ्यावर टॅक्स नाही म्हटल्यावर गाडी स्वतः विकून पैसे देण्यात तोटा काय? काहीच नाही. तीन आकडे करून दाखवतो. तुमचं उत्पन्न सत्तर हजार धरलं, घराचा टॅक्स आणि राज्याचा टॅक्स मिळून आठ हजार धरले. २०२६साठी एकट्या माणसाची प्रमाणित वजावट १६,१०० आणि ६५च्या वर असल्याबद्दल आणखी २,०५०, म्हणजे १८,१५० तुम्हाला काहीही न करता मिळतात. दान, घराचा टॅक्स आणि राज्याचा टॅक्स यांची बेरीज त्याच्या वर जेवढी जाईल, तेवढ्याचाच फायदा. २०२६पासून आणखी एक चाळणी लागली आहे: उत्पन्नाच्या अर्ध्या टक्क्याइतकं दान मोजत नाहीत, तुमच्या बाबतीत ३५० डॉलर.

रेडिओच्या नंबराला गाडी दिली आणि आठ हजारांना गेली: आठ आणि जवळजवळ आठ, सोळा होत नाहीत. १८,१५०च्या खालीच. म्हणजे टॅक्सचा फायदा शून्य. लिहिलेलं पुन्हा वाचा काकू, शून्य. तुम्हाला फॉर्म येईल, आभाराचं पत्र येईल, आणि टॅक्स एका पैनेही कमी होणार नाही.

स्वतः साडेअठराला विकली आणि सगळा चेक संस्थेला दिला: ३५० गेले, १८,१५० उरले, त्यात आठ हजार मिळवले की २६,१५०. प्रमाणितपेक्षा आठ हजार जास्त. तुमचा वरचा टप्पा बारा टक्क्यांचा, म्हणजे ९६० डॉलर वाचले. संस्थेला मात्र पूर्ण साडेअठरा हजार मिळाले, जे एरवी पाच-सहा मिळाले असते.

तिसरा रस्ता बहुतेकांना सुचतच नाही, आणि तुमच्या वयाला तोच सगळ्यात चांगला. तुमचा किंवा काकांकडून तुमच्या नावे आलेला आयआरए, म्हणजे निवृत्तीसाठीचं बचत खातं, असेलच. साडेसत्तर वर्षांच्या वर असलेल्या माणसाला त्या खात्यातून थेट संस्थेला पैसे पाठवता येतात. २०२६साठी मर्यादा १,११,००० डॉलर. ती रक्कम तुमच्या उत्पन्नातच धरत नाहीत, आणि ७३नंतर दरवर्षी खात्यातून जेवढे पैसे काढावेच लागतात, त्यांत ती मोजली जाते. तेव्हा गाडी विका, ते साडेअठरा हजार स्वतःकडे ठेवा, आणि तेवढेच आयआरएमधून संस्थेला पाठवा. एरवी तुम्ही ते काढले असते तर त्यावर १२ टक्क्यांनी २,२२० डॉलर टॅक्स गेला असता, तो वाचला. वजावटींची यादी करायला नको, अर्ध्या टक्क्याची चाळणी नको. फक्त चेक खातं सांभाळणाऱ्या कंपनीकडून संस्थेच्या नावाने निघाला पाहिजे. तुमच्या खात्यात येऊन मग पुढे गेला तर सगळं फिसकटतं.

या रस्त्याचा आणखी एक गुण. गाडी फक्त गाडी घेणाऱ्यांनाच देता येते. पैसे कोणालाही देता येतात. तुमच्या मनात गावाकडच्या शाळेचं किंवा दवाखान्याचं काही असेल, तर भारतातल्या संस्थेला थेट दिलेल्या पैशांवर इथे सवलत नाही, पण अमेरिकेत नोंदलेल्या आणि तिकडच्या कामाला मदत करणाऱ्या संस्थेमार्फत ते जाऊ शकतं. महाराष्ट्र फाउंडेशनसारख्या संस्था अनेक वर्षं हेच करत आल्या आहेत.

पण तुमची पहिली इच्छा होती, 'चांगल्या जागी जावी'. पैशांच्या हिशेबात ते विसरून चालणार नाही. गाडी म्हणूनच द्यायची असेल तर दोन-तीन जागा खरोखर विचार करण्यासारख्या आहेत. कालामाझूजवळ हिकरी कॉर्नर्सला गिलमोर कार म्युझियम आहे, तिथेच आवारात कॅडिलॅक-लासाल क्लबचं स्वतंत्र संग्रहालयही आहे. तुमच्यापासून दोन-अडीच तासांवर. कॅन्ससमध्ये मॅकफर्सन कॉलेज आहे, जिथे जुन्या गाड्यांच्या जीर्णोद्धारात चार वर्षांची पदवी मिळते. तिथल्या विद्यार्थ्यांनी उभी केलेली १९५३ची एक मर्सिडीज २०२३ साली पेबल बीचच्या जुन्या गाड्यांच्या स्पर्धेत आपल्या वर्गात दुसरी आली होती. गाडी जर्मन होती म्हणून आपल्या डेट्रॉईटवाल्यांनी नाक मुरडलं असेल, ते सोडा.

संग्रहालयाला फोन कराल तेव्हा वाईट वाटून घेऊ नका. १९७६ची एल्डोराडो त्यांना आठवड्याला कोणीतरी देऊ करत असावं. जागा मर्यादित असते. काही ठिकाणी 'घेतो, पण गरज पडली तर विकू' असं सांगतात, आणि त्या एका वाक्यावर तुमचा सगळा हिशेब फिरतो. संस्थेने गाडी खरोखर प्रदर्शनात किंवा शिकवण्यासाठी वापरली तर तुम्हाला पूर्ण बाजारभाव वजा मिळतो. आमच्या आकड्यांत त्यातून अकराशे-साडेअकराशे डॉलर वाचतील, चेक देण्यापेक्षा थोडे जास्त. लगेच विकली तर पुन्हा विक्रीच्या रकमेवर आलात. तीन वर्षांच्या आत विकली तर संस्थेला ते आयआरएसला कळवावं लागतं, आणि तुमच्या वजावटीवर प्रश्न येऊ शकतो. म्हणून 'आम्ही ही गाडी अमुक कामासाठी वापरू' असं त्यांच्या सहीने लेखी घ्या. तोंडी शब्दावर जाऊ नका, बोलणारा माणूस कितीही गोड असो.

कागदांबद्दल थोडक्यात. संस्था तुम्हाला फॉर्म १०९८-सी देते: विकली तर विक्रीपासून ३० दिवसांत, ठेवून घेतली तर दिल्यापासून ३० दिवसांत. तो रिटर्नला जोडावा लागतो, नाही तर वजावट नाही. सोबत फॉर्म ८२८३. पूर्ण बाजारभाव मागत असाल आणि तो पाच हजारांच्या वर असेल, तर लायक अप्रेझरचा अहवाल हवा आणि ८२८३वर त्याची आणि संस्थेची सही हवी. अहवाल दान देण्याच्या ६० दिवसांहून आधीचा चालत नाही, म्हणजे मृत्यूच्या तारखेसाठी केलेला इथे वापरता येणार नाही. त्याच माणसाकडून दुसरा करून घ्या. किमतीच्या टक्क्याने फी मागणारा अप्रेझर नको, नियमातही ते बसत नाही. रेडिओच्या नंबराला दिली तर अप्रेझरची गरज नाही, कारण किंमत लिलावच ठरवतो.

माझं मत विचाराल तर: गिलमोरला एक फोन करा, फोटो पाठवा. हो म्हणाले आणि लेखी दिलं, तर निःशंक द्या. दोन-चारशे डॉलर इकडेतिकडे झाले तरी काकांच्या गाडीसमोर लोक उभे राहतील, त्याची किंमत तुम्ही ठरवा. नाही म्हणाले तर गाडी चालू करून घ्या आणि कॅडिलॅक-लासाल क्लबच्या सभासदांमध्ये विकायला काढा. ही गाडी हवी असणारी माणसं तिथेच भेटतात, आणि त्यांच्याकडे गेलेली गाडी संग्रहालयातल्यापेक्षा जास्त जपली जाते, हे मी स्वतः पाहिलेलं आहे. पैसे आयआरएच्या रस्त्याने द्या. मुलाला मात्र सांगा की घाई नको. त्याला गॅरेज रिकामं करायचंय, ते समजण्यासारखं आहे, पण टॅक्सच्या नावाखाली नको.

विकताना किंवा देताना टायटल आधी तुमच्या नावावर आलं पाहिजे. मिशिगनमध्ये हे काम सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या ऑफिसात होतं; मृत्यूचा दाखला न्या. टायटलवर 'हयात असलेल्याला पूर्ण हक्क' असं नोंदलेलं असेल तर काम सोपं. घेणाऱ्याचं नाव कोरं ठेवून सही कधीही करू नका, संस्थेचा माणूस म्हणाला तरी नाही. नाव कोरं राहिलं तर उद्या कोणी ती गाडी ठोकली तरी नोंद तुमच्याच नावावर असते. खासगी खरीदार असेल तर त्याच्या बँकेत त्याच्याबरोबर जा, कॅशियरचा चेक तुमच्यासमोर बनू दे आणि मग टायटल द्या. नंबरप्लेट काढून घ्या, मिशिगनमध्ये ती गाडीची नसते, मालकाची असते. सही केलेल्या टायटलचा फोटो काढून ठेवा, आणि विमा त्यानंतरच बंद करा.